लॅमिनेटरची परीक्षा कागदाच्या मधोमध

भला मोठा नकाशा लॅमिनेट करून आणावा आणि उजेडात धरल्यावर दिसावं, की कडा काचेसारख्या स्वच्छ आहेत, पण मधोमध धुकं साचल्यासारखा पांढुरका पट्टा आहे. असं झालं की दोष फिल्मला दिला जातो. पण कडा स्वच्छ आणि मधलाच भाग धूसर असेल, तर माझा पहिला संशय रोलरवर, म्हणजे कागद आणि फिल्म दाबून चिकटवणाऱ्या रुळांवर जातो. मोठ्या कागदासाठी यंत्र घेतानाही आधी रोलरच पाहावेत.

लॅमिनेशनची फिल्म दुपदरी असते. बाहेरचा पदर पॉलिएस्टरचा. तो वितळायला सुमारे 250 अंश सेल्सिअस लागतात. आतला पदर गोंदाचा, बहुधा एथिलीन व्हिनाइल ॲसिटेटचा. तो 100 अंशांच्या आसपासच पाघळतो. कागद आपल्याला सपाट वाटतो, पण सूक्ष्मदर्शकाखाली ते तंतूंचं खडबडीत जाळं असतं. पाघळलेला गोंद त्या खाचांत शिरायचा तर नुसती उष्णता पुरत नाही, दाबही लागतो. दाब कमी पडला की खाचांत हवा अडकते, प्रकाश विखुरतो आणि तो भाग चंदेरी-पांढुरका दिसतो.

हा दाब देणारे रोलर फक्त दोन टोकांना टेकलेले असतात. मधे आधार नसतो, त्यामुळे दाब वाढवला की ते मधोमध किंचित वाकून एकमेकांपासून दूर जातात. प्रत्येक सेंटीमीटरवरचा दाब तेवढाच ठेवून रोलरची लांबी दुप्पट केली, तर हा वाक 16 पट होतो! उपायही त्याच गणितात आहे: भरीव रोलरचा व्यास दुप्पट केला की त्याचा ताठपणा 16 पट वाढतो. म्हणून चांगलं रुंद यंत्र जाडजूड आणि वजनदार असतं. रुंद असूनही उचलायला हलकं आणि आत सडपातळ रोलर, असं यंत्र मी तरी घेणार नाही.

रुंदी किती हवी? ए1 कागद 594 × 841 मिलिमीटरचा, तर ए0 कागद 841 × 1189 मिलिमीटरचा. कागद आखूड बाजूने आत सोडायचा, म्हणजे ए1साठी 635 मिलिमीटर रुंदीचं यंत्र पुरतं आणि दोन्ही बाजूंना फिल्म चिकटायला जागाही उरते. ए3पर्यंत पाउच, म्हणजे फिल्मची तयार पिशवी, ठीक. त्यापुढे रोलवरची फिल्म. ए0 कागद आत सोडताना फक्त 1 अंश तिरका गेला, तर शेवटाला पोहोचेपर्यंत तो सुमारे 21 मिलिमीटर सरकलेला असतो. म्हणून यंत्राला पुढे रुंद, सपाट टेबल आणि सरळ पट्टी हवीच.

उष्णतेचंही तसंच. मोठा थंड कागद रोलरमधली उष्णता शोषत पुढे जातो. हीटर कमी ताकदीचा असेल तर सुरुवात झकास होते आणि शेवटचा भाग धूसर निघतो. यंत्र पाहायला जाताना ए4चा तुकडा नेऊन उपयोग नाही; आपल्याला लागतो तेवढाच, पूर्ण लांबीचा कागद न्यावा. फिल्मची जाडीही नीट विचारावी. पाउचवर 125 मायक्रॉन लिहिलेलं असतं ते सहसा एका बाजूचं. दोन बाजू मिळून 250, वर कागद वेगळा. नकाशा गुंडाळून ठेवायचा असेल तर पातळ फिल्म घ्यावी, जाड फिल्म गुंडाळली की ताठरपणामुळे उलगडू पाहते.

काही छपाईला उष्णता मानवतच नाही. थर्मल कागदावरचा रंग उष्णतेनेच उमटतो, त्यामुळे गरम रोलरमधून तो काळाठिक्कर होऊन बाहेर येतो. इंकजेटची ओली शाई किंवा दमट कागद असला की पाण्याची वाफ होऊन फोड येतात. शाई पूर्ण वाळू द्यावी. थर्मल कागदासाठी मात्र केवळ दाबाने चिकटणारं कोल्ड लॅमिनेशनच हवं. त्यात उष्णतेची मदत नसते, सारी भिस्त दाबावर. म्हणजे पुन्हा रोलर आलेच.

आणि एक कळकळीची विनंती: जुना, मूळ दस्तऐवज यांपैकी कोणत्याच यंत्रात घालू नका. तंतूंत शिरलेला गोंद सुखरूप परत निघत नाही. 1930च्या दशकात अमेरिकेत दस्तऐवज दुरुस्त करणारे विल्यम बॅरो यांनी सेल्युलोज ॲसिटेट या प्लास्टिकचं लॅमिनेशन अभिलेखागारांत रुजवलं. पुढे संवर्धकांना तेच थर द्रावकाने सोडवत बसावं लागलं. आता असा कागद पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक तावांमधे नुसता ठेवतात आणि कागदाबाहेरच्या कडा तेवढ्या अल्ट्रासोनिक कंपनांनी जोडतात. कागदाला गोंद लागत नाही, आणि कड कापली की तो जसाच्या तसा बाहेर काढता येतो.