ओसोयूसचे जज्जसाहेब

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, अगदी अमेरिकेच्या हद्दीवर, ओसोयूस नावाचं लांबट तळं आहे. एके ठिकाणी दोन्ही काठ इतके जवळ येतात की उथळ पाण्यातून जनावरं चालत पलीकडे जायची. भोवतालचा मुलूख कोरडा. वाळू, सेजब्रशची झुडपं, उन्हाळ्यात अंगाची काहिली आणि दगडाआड रॅटलस्नेक. १८६० च्या दशकात ऑरेगॉन-वॉशिंग्टनकडून गुरांचे तांडे हाकत येणाऱ्या माणसाला इथे थांबावं लागे. जकात भरल्याशिवाय पुढे सोन्याच्या खाणींकडे जाता येत नसे. जकात घेणारा गृहस्थ आयरिश होता, आणि पंचक्रोशीत त्याला सगळे ‘जज्ज हेन्स’ म्हणत.

जॉन कारमायकेल हेन्स याचा जन्म ६ जुलै १८३१ चा, आयर्लंडच्या कॉर्क परगण्यातला. आयरिश स्थलांतर म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे १८४५ नंतरचा बटाट्याचा दुष्काळ येतो. पोट खपाटीला गेलेली, मिळेल त्या जहाजात कोंबून अमेरिकेला निघालेली माणसं येतात. हेन्स त्यांच्यातला नव्हे. तो खाऊनपिऊन सुखी घरातला. अशा घरांतल्या तरुणांपुढे वेगळीच पंचाईत होती: प्रतिष्ठा होती, पण तिच्या तोलाची मिळकत आणि नोकरी गावात नव्हती. साम्राज्यात कुठे नवी वसाहत उघडली की एखादं ओळखीचं पत्र खिशात घालून हे लोक तिकडे निघत.

१८५८ साली अशी जागा उघडली. फ्रेझर नदीच्या वाळूत सोनं सापडल्याची बातमी सॅन फ्रान्सिस्कोला पोचली आणि काही महिन्यांत २५-३० हजार माणसं उत्तरेकडे धावली. त्यातले बहुतेक अमेरिकेतून आलेले, म्हणून लंडनला धडकी भरली. हा भाग हातचा जाऊ नये यासाठी त्याच वर्षी ब्रिटिश कोलंबियाची वसाहत घाईघाईने उभी करण्यात आली. जेम्स डग्लस गव्हर्नर, मॅथ्यू बेग्बी न्यायाधीश आणि पोलिसांचा मुख्य म्हणून चार्टर्स ब्रू. हा ब्रू क्लेअर परगण्यातला, आयरिश कॉन्स्टॅब्युलरीत, म्हणजे आयर्लंडच्या पोलीस दलात मुरलेला. हेन्सही वर्ष संपता संपता येऊन दाखल झाला आणि ब्रूच्या हाताखाली साधा शिपाई म्हणून लागला.

आयरिश कॉन्स्टॅब्युलरीचा आपल्याशीही संबंध आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी जिथे जिथे परक्या मुलखात पोलीस उभे केले, तिथे हा नमुना डोळ्यांसमोर असे. चार्ल्स नेपियरने १८४३ नंतर सिंधमध्ये तोच गिरवला, आणि सिंधवरून मुंबई इलाख्याने आपल्या पोलिसांची फेररचना केली. फ्रेझरकाठचा शिपाई आणि आपल्याकडचा इलाख्याचा शिपाई हे दूरचे भाऊबंदच म्हणायचे.

पुढचा टप्पा रॉक क्रीकचा. हद्दीलगतच्या या ओढ्यात १८५९ मध्ये सोनं सापडलं. तिथले अमेरिकी खाणकरी परवाना फी द्यायला तयार नव्हते. वसुलीला गेलेल्या पीटर ओ’रायलीला त्यांनी दगड मारून पिटाळलं. शेवटी १८६० मध्ये खुद्द गव्हर्नर डग्लस घोड्यावरून तिथवर गेला, खाणकऱ्यांसमोर उभा राहून बोलला, आणि फौजेची धमकी व गोड शब्द यांच्या मिश्रणाने काम झालं. विल्यम कॉक्स या आणखी एका आयरिश माणसाला तिथे गोल्ड कमिशनर नेमलं आणि मदतीला हेन्सला दिलं.

हे गोल्ड कमिशनरचं प्रकरण नीट समजून घ्यायला हवं, कारण हेन्सचं सगळं आयुष्य त्यात आहे. परवाने द्यायचे, फी गोळा करायची, कुणाचा खाणपट्टा कुठवर हे ठरवायचं, त्यावरचे तंटे सोडवायचे, मारामारीचे खटले चालवायचे, जमिनीचं दप्तर ठेवायचं. आपल्याकडच्या मामलेदाराकडे वसुली आणि न्याय दोन्ही असत, तसंच काहीसं. फक्त मामलेदाराच्या डोक्यावर कलेक्टर असे आणि इथे वरिष्ठ आठवडाभराच्या घोडदौडीवर. कायद्याचं शिक्षण लागत नसे. कॉक्सबद्दल तर सांगतात की एका खाणपट्ट्यावर दोघांनी हक्क सांगितला तेव्हा त्याने दोघांना पळायला लावलं: जो आधी पोचेल त्याचा पट्टा. खरंखोटं काहीही असो, ही गोष्ट टिकून राहिली यावरून लोकांना त्या न्यायाचं फारसं वावडं नसावं. निकाल लवकर लागत होता, एवढंच त्यांना पुरेसं होतं.

हेन्सची खरी कसोटी १८६४ मध्ये लागली. पूर्वेला कूटनी भागात वाइल्ड हॉर्स क्रीकवर सोनं निघालं आणि शेकड्यांनी खाणकरी जमले. तिथल्या एका भांडणात टॉमी वॉकर नावाचा माणूस गोळी लागून मेला. खाणकऱ्यांनी स्वतःच पंच नेमून आपलं कोर्ट सुरू केलं. कॅलिफोर्नियातून आलेल्यांची ही जुनी सवय, आणि तिचा शेवट बऱ्याचदा झाडाच्या फांदीवर होत असे. अशा वेळी हेन्स तिथे पोचला तो एका शिपायानिशी. मागे पलटण नाही, तुरुंग नाही. तरी त्याने कारभार हातात घेतला, परवाने दिले, जकात बसवली. त्या शरद ऋतूत वसाहतीचा सचिव आर्थर बर्च पाहणीला गेला तर त्याला कायदा पूर्ण चालू दिसला. जकात भरलेली आणि पिस्तूल कुणाच्याच कमरेला नाही.

याचं श्रेय हेन्सच्या धाडसाला किती आणि खाणकऱ्यांच्या हिशेबीपणाला किती? मला वाटतं, दुसरा वाटा मोठा असावा. नोंदवलेला पट्टा सुरक्षित राहतो हे एकदा कळलं की फी भरणं स्वस्त पडतं. रात्रंदिवस बंदूक उशाशी घेऊन सोनं गाळता येत नाही. तरीही तिथवर जवळपास एकट्याने जाणं हे येरागबाळ्याचं काम नव्हतं, हे मान्य करायलाच हवं. पुढच्या वर्षी एडगर ड्यूडनी या इंजिनिअरने फ्रेझरकाठच्या होप गावापासून वाइल्ड हॉर्स क्रीकपर्यंत पायवाट पोचवली, म्हणजे खाणींचा व्यापार अमेरिकेच्या वाटेने निसटू नये.

सोन्याची लाट ओसरली, हेन्स मात्र ओसोयूसला राहिला. जकात अधिकारी, मॅजिस्ट्रेट आणि पुढे काउंटी कोर्टाचा जज्ज. आणि आता या कथेतला अवघड भाग.

गुरं समोरून जात होती, गवत अफाट होतं, आणि जमिनीची नोंदवही त्याच्याच टेबलावर होती. वसाहतीच्या कायद्याने ब्रिटिश प्रजाजनाला १६० एकर जमीन नुसता हक्क नोंदवून धरता येई. १८६६ च्या कायद्याने मात्र आदिवासींना गव्हर्नरच्या लेखी परवानगीशिवाय असा हक्क नोंदवता येईना; ज्यांची जमीन होती तेच दाराबाहेर. त्याच्या आदल्याच वर्षी हेन्सने आणखी एक काम केलेलं होतं. ओकानागन तळ्याच्या दोन टोकांना तिथल्या ओकानागन लोकांसाठी कॉक्सने १८६१ मध्ये राखीव जमिनी आखल्या होत्या, त्यांनी स्वतः दाखवलेल्या खुणांप्रमाणे. गोऱ्या पशुपालकांची कुरकुर सुरू झाली की एवढं चांगलं कुरण यांना कशाला. वरून हुकूम आला आणि १८६५ मध्ये हेन्सने त्या जमिनी मोजून खूपच लहान केल्या.

हुकूम वरचा होता हे खरं. पण मोजणीची साखळी धरणारा हात ज्याचा, त्याचीच गुरं पुढे त्या खोऱ्यात चरली हेही खरं. १८७७ मध्ये राखीव जमिनींचं संयुक्त कमिशन ओकानागनात फिरलं तेव्हा त्यांना हा प्रश्न चिघळलेलाच सापडला. काही जमिनी वाढवून दिल्या, सामाईक कुरणं दिली. ती कुरणं पुढे रद्द झाली. हेन्सची मालमत्ता मात्र वाढत होती. शेवटी शेवटी त्याच्या नावावर सुमारे २० हजार एकर जमीन होती. कॉर्कमध्ये राहिला असता तर एवढ्या जमिनीचं त्याला स्वप्नसुद्धा पडलं नसतं.

घरच्या गोष्टीतही एक पान बराच काळ मिटलेलं राहिलं. सुरुवातीच्या वर्षांत हेन्सचा संसार एका आदिवासी स्त्रीबरोबर होता आणि तिच्यापासून त्याला मुलं झाली. त्या काळी यात नवल नव्हतं; शेजारच्या खोऱ्यातला चार्ल्स हॉटन, तोही आयरिश, त्याचीही अशीच गोष्ट. मग वसाहतीत गोऱ्या मुली येऊ लागल्या, प्रतिष्ठेची मापं बदलली आणि आधीचे संसार गुपचूप बाजूला सारले गेले. १८६८ मध्ये हेन्सने शार्लट मोर्सबीशी लग्न केलं. एक मुलगा झाला आणि १८७२ मध्ये ती वारली. १८७५ मध्ये एमिली जोसेफिन पिटेंड्री त्याच्या घरी आली. तिचे वडील कॅप्टन पिटेंड्री न्यू वेस्टमिन्स्टरचे मॅजिस्ट्रेट, म्हणजे जज्जाच्या घरातून जज्जाच्याच घरात. पण कुठे ते गाव आणि कुठे हे तळं! साखर, कापड, औषध, सगळं होपहून डोंगर ओलांडत घोड्यांच्या पाठीवरून यायचं, आणि बर्फ पडलं की वाट बंद. तिथे तिने तीन मुली आणि तीन मुलगे वाढवले.

१८८८ च्या उन्हाळ्यात हेन्स त्याच वाटेने घरी परतत होता. प्रिन्स्टनजवळ जॉन अ‍ॅलिसनचा मळा होता. वाटेवरच्या सगळ्यांचाच तो मुक्काम. अ‍ॅलिसनची बायको सूझन मूळची सिलोनमध्ये जन्मलेली, चौदा मुलांची आई, आणि त्या भागाच्या आठवणी लिहून ठेवणारी. हेन्स आजारी अवस्थेत तिथवर पोचला आणि ६ जुलैला, आपल्या सत्तावन्नाव्या वाढदिवशी, तिथेच गेला.

मग कळलं की जमीन जेवढी होती तेवढंच कर्जही तोलामोलाचं होतं. जमीन गहाण होती. एमिलीला ते ओझं पेलवलं नाही आणि काही वर्षांत ती सगळी मिळकत टॉम एलिसकडे गेली. हा एलिसही आयर्लंडचाच, पेंटिक्टनचा गुरांचा सम्राट. २० हजार एकर एका पिढीतही टिकले नाहीत. एमिलीचा थोरला मुलगा व्हॅल पोरवयातच एलिसच्या गुरांमागे घोड्यावर बसला. बापाच्या जमिनीवर पगारी गुराखी म्हणून. पुढे हळूहळू त्याने स्वतःची जमीन केली आणि त्या खोऱ्यातला नावाजलेला पशुपालक झाला. मुलगी हेस्टर लग्नानंतर हेस्टर व्हाइट झाली आणि ओकानागनच्या इतिहास मंडळासाठी लिहीत राहिली. जज्जसाहेबांबद्दल आज जे घरगुती तपशील माहीत आहेत, त्यातले बरेच तिच्या लेखणीतून आले. लेकीने लिहिलेला बाप म्हणून ते वाचावेत, एवढंच.

तळ्यात घुसलेल्या त्या अरुंद जमिनीच्या पट्टीला पुढे हेन्स पॉइंट हे नाव मिळालं आणि तिथे प्रांताचं उद्यान झालं. २०१५ मध्ये पाटी बदलली. आता तिथे ओकानागन भाषेतलं जुनं नाव आहे, अर्थ ‘पाणी उथळ किंवा अरुंद होतं ती जागा’. ओसोयूस हा शब्दही त्याच नावावरून आलेला. पुढचा ‘ओ’ तेवढा गोऱ्यांनी लावला. आयरिश आडनावांना असतो, अगदी तसा.