जर्मन आणि ऑस्ट्रियन शिकारी बंदुका

मध्य युरोपातील शिकारी बंदुकांची जर्मन आणि ऑस्ट्रियन अशी दोन घराणी मानली जातात. दोन्हींची भाषा एक, शिकारीचे रिवाज बव्हंशी सारखे आणि काडतुसेही सामाईक, त्यामुळे परक्या नजरेला त्यांच्या बंदुका एकाच साच्यातल्या वाटतात. खरा फरक रानाचा आणि कारागिरीच्या व्यवस्थेचा आहे. जर्मन बंदूक दणकट आणि ऑस्ट्रियन नाजूक, असे नेहमी ऐकू येते. ते अर्धेच खरे आहे.

जर्मनीत या धंद्याचे माहेरघर म्हणजे थुरिंगियातील झूल हे गाव. जे. पी. सावर (१७५१), हेनेल (१८४०), क्रीगहोफ (१८८६) आणि मेर्केल (१८९८) ही नामांकित नावे इथलीच. नळी घडवणारा एक, दस्ता बसवणारा दुसरा आणि नक्षी कोरणारा तिसरा अशी कामाची वाटणी झूलमध्ये होती. या वाटणीवरच पुढे मोठे कारखाने उभे राहिले. ऑस्ट्रियातील फेरलाखची घडण वेगळी आहे. कॅरिंथिया प्रांताच्या दक्षिण भागात, डोंगरातील ओढ्याच्या पाण्यावर हातोडे चालवणाऱ्या या गावात सोळाव्या शतकाच्या मध्यापासून बंदुका बनतात. इथले उस्ताद लहान लहान कार्यशाळांतून काम करत राहिले आणि १८७८ मध्ये गावात बंदूकनिर्मितीची खास शाळा सुरू झाली. गिऱ्हाईक सांगेल तशी बंदूक करून देणे ही फेरलाखची ख्याती. ऑस्ट्रियाचा कारखानदारी चेहरा मात्र श्टायर या गावी दिसतो. तिथे योझेफ वेर्न्डल यांनी १८६४ मध्ये सुरू केलेला उद्योग मुख्यतः लष्करी रायफलींवर वाढला.

जर्मनीच्या मैदानी आणि मध्यम डोंगराळ भागात शिकारी मचाणावर बसतो किंवा हाकाऱ्याच्या रांगेसमोर उभा राहतो. समोरून ससा येईल, कोल्हा येईल की रानडुक्कर, हे आधी कळत नाही. सशाला छर्रा चालतो, पण रानडुकरावर किंवा हरणावर छर्रे झाडायला जर्मन कायद्याची मनाई आहे. रो जातीच्या लहान हरणासाठीही गोळीत १०० मीटरवर किमान १,००० ज्यूल ऊर्जा लागते. त्याहून मोठ्या खुरी जनावरांसाठी किमान ६.५ मिमी. व्यासाची आणि २,००० ज्यूल ऊर्जेची गोळी हवी. या अडचणीवर जर्मन कारागिरांनी काढलेला तोडगा म्हणजे ड्रिलिंग. आपल्याकडच्या दुनळीच्या धर्तीवर तिला तिनळी म्हणायला हरकत नाही. वर शेजारी शेजारी छर्‍याच्या दोन नळ्या आणि खाली रायफलीची एक, अशी तिची नेहमीची मांडणी. चाप दोनच असतात. अंगठ्याने एक खटका पुढे सारला की पुढचा चाप रायफलीच्या नळीला जोडला जातो आणि त्याच वेळी नळीवरची नेम धरायची मागची खूण आपोआप उभी राहते. दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने उत्तर आफ्रिकेत उतरावे लागलेल्या वैमानिकांसाठी सावरकडून अशाच तिनळ्या करून घेतल्या होत्या. वैमानिकाच्या हाती उंची शिकारी बंदूक देण्याचे हे प्रकरण चमत्कारिकच म्हणायला हवे.

ऑस्ट्रियातील शिकारीत पायपीटच जास्त. शॅमॉय नावाच्या रानबकरीमागे तासन् तास कडे चढायचे आणि शेवटी एकच संधी मिळायची. तिथे तीन-साडेतीन किलोची तिनळी नकोशी होते. म्हणून मध्ये मोडून भरायची, जेमतेम अडीच किलोची एकनळी रायफल लोकप्रिय झाली. तिच्यात एकच गोळी असते, पण ती थोडक्या जागेत मावते आणि पाठीवर जड होत नाही. याहून अस्सल ऑस्ट्रियन प्रकार म्हणजे ‘बेर्गश्टुट्सन’. यात एकाखाली एक अशा रायफलीच्या दोन नळ्या असतात, एक बारीक काडतुसाची आणि एक भारी. वाटेत कोल्हा दिसला तर बारीक, शॅमॉय किंवा हरीण आले तर भारी. मोडून भरायच्या अशा बंदुकांच्या काडतुसांना बुडाशी बाहेर आलेली कड लागते. तिची खूण म्हणून काडतुसाच्या नावापुढे ‘आर’ हे अक्षर असते, जसे ७×६५ आर किंवा ९.३×७४ आर.

अनेक नळ्या डाखाने जोडलेल्या बंदुकीत कारागिराचा खरा कस लागतो. प्रत्येक नळीची गोळी ठरलेल्या अंतरावर एकाच ठिकाणी लागली पाहिजे. त्यासाठी नळ्यांच्या तोंडाशी पाचर घालून डाख द्यायचा, गोळी झाडून पाहायची, डाख वितळवून पाचर सरकवायची, पुन्हा झाडायची. नळी तापली की जोडलेल्या नळ्या एकमेकींना ओढतात आणि पुढची गोळी सरकते. हा दोष झूलच्या बंदुकीतही आहे आणि फेरलाखच्याही. दुर्बिणीच्या बैठकीचेही असेच. झूलच्या नावाने ओळखली जाणारी, हुकांनी अडकवायची बैठक काजळी लावून आणि कानशीने घासून हातानेच बसवावी लागते. ती नीट बसली, तर दुर्बीण काढून पुन्हा लावली तरी नेम हलत नाही.

बोल्टच्या, म्हणजे मागचा दांडा ओढून आणि ढकलून काडतूस भरायच्या, रायफलींत मात्र दोन देशांचा स्वभाव उघड दिसतो. नेकार नदीकाठच्या ओबर्नडोर्फ गावी माउझर बंधूंच्या कारखान्यात तयार झालेली १८९८ ची रचना म्हणजे खात्रीचा नमुना. बोल्टवरची लांब, रुंद पकड काडतुसाला पेटीतून बाहेर येतानाच धरते आणि रिकामी पुंगळी फेकेपर्यंत सोडत नाही. बोल्टला जागी अडकवून ठेवणाऱ्या पुढे दोन खुंट्या आणि मागे सुरक्षेची तिसरी. जिम कॉर्बेट यांना चंपावतच्या वाघिणीबद्दल भेट मिळालेली लंडनच्या रिग्बी कंपनीची रायफल इंग्रज म्हणून ओळखली जाते, पण तिचा सांगाडा याच माउझर घराण्यातला. श्टायरची मान्लिखर-श्योनाउअर रायफल १९०३ पासून शिकारीसाठी विकली जाऊ लागली. तिची ओळख म्हणजे काडतुसे गोल फिरवणारी पेटी, लोण्याच्या सुरीसारखी चपटी बोल्टमूठ आणि नळीच्या तोंडापर्यंत गेलेला अक्रोडाचा दस्ता. बोल्ट इतका गुळगुळीत चालतो की तिची नक्कल करायला पुष्कळांनी पाहिले. पण फिरती पेटी ठरावीक काडतुसाच्या मापाचीच असते, आणि सांगाड्याच्या मागच्या भागात वरचा पूल बोल्टमूठ जाण्यासाठी चिरलेला असल्याने दुर्बीण बसवणे अवघड जाते. माउझरची रचना वेगवेगळ्या काडतुसांसाठी सहज जुळवता आली, मान्लिखरला ते तितके जमले नाही. हातात धरायला मात्र मान्लिखरच अधिक सुखद, असे म्हणावेसे वाटते.

सजावटीत जर्मन हात ओकची पाने, ओकफळे आणि खोल उठावाची शिकारदृश्ये यांकडे वळतो. दस्त्याच्या गालपट्टीला ठळक कड असते. बऱ्याच जुन्या बंदुकांत चापाभोवतीचे कडे शिंगाचे केलेले आढळते. फेरलाखच्या उंची कामात प्राण्यांची बारीक, चित्रासारखी कोरणी आणि सोन्याची जडणही असते. पोलादाच्या बाबतीत सीमा पुसट होते. ऑस्ट्रियातील बोलरचे पोलाद जर्मन नळ्यांवर नाव मिरवते, तर जर्मनीतील क्रुपचे पोलाद इतरांच्या नळ्यांतही सापडते. नळी थंड स्थितीत हातोड्यांनी आतल्या साच्यावर ठोकून घडवायची पद्धत जर्मनीत विकसित झाली, पण तिची यंत्रे पुढे श्टायर गावीच नावारूपाला आली. श्टायरच्या नळीवर हातोड्यांचे वळसेदार ठसे मुद्दाम तसेच ठेवलेले असतात.

म्हणून दर्जा ठरवताना देशापेक्षा काळ आणि कार्यशाळा पाहावी लागते. पहिल्या महायुद्धापूर्वीची आणि दोन युद्धांमधली झूलची मेर्केल किंवा सावर दुनळी आजही मानाने घेतली जाते. १९४५ नंतर झूल सोव्हिएत विभागात गेले, सावर आणि क्रीगहोफ पश्चिमेला हलले आणि झूलमधला धंदा सरकारी कारखान्यांत गोळा झाला. त्या काळातील बंदुकीचे यंत्र भरवशाचे असले, तरी लाकूड आणि पॉलिश पाहून घ्यावे. फेरलाखचेही तसेच. एकीकडे वर्षभराहून अधिक काळ हाताने घडवलेली बंदूक, तर दुसरीकडे दुकानदाराच्या नावाने विकायला केलेला साधा माल. दोन्हींवर गाव एकच लिहिलेले असते. विश्वास ठेवायचा तो सरकारी चाचणीच्या शिक्क्यावर. जर्मनीतील झूल, उल्म आणि ऑस्ट्रियातील फेरलाख, व्हिएन्ना इथल्या चाचणीगृहांत वाढीव दाबाचे काडतूस झाडून नळी पारखली जाते. अनेक जर्मन नळ्यांच्या पोटाशी चाचणीचा महिना आणि वर्ष आकड्यांत ठोकलेले असते. दस्ता वेगळा करून ते वाचले, तर विक्रेत्याने सांगितलेली अर्धी गोष्ट तिथेच पडताळता येते.