वाचन आकलन विभागाची तयारी (डेंटल ॲडमिशन टेस्ट)

अमेरिकेतील दंतवैद्यक महाविद्यालयांत प्रवेश हवा असेल तर डेंटल ॲडमिशन टेस्ट ही परीक्षा द्यावी लागते. विद्यार्थ्यांच्या बोलण्यात ती ‘डॅट’ म्हणून ओळखली जाते. अमेरिकन डेंटल असोसिएशन १९५० पासून ती देशभर घेत आली आहे. परीक्षा संगणकावर होते आणि तिचे चार विभाग असतात : नैसर्गिक विज्ञान, आकृती ओळखण्याची क्षमता, वाचन आकलन आणि अंकगणिती तर्क. यांपैकी वाचन आकलनाचा विभाग सर्वांत कमी तयारीनिशी दिला जातो. इंग्रजी तर येतेच, मग त्याचा अभ्यास तो काय करायचा, हा समज त्यामागे असतो.

या विभागात तीन दीर्घ उतारे, ५० प्रश्न आणि ६० मिनिटे असतात. म्हणजे एका उताऱ्याला वीस मिनिटे मिळतात आणि त्यातच वाचन, शोध व उत्तर सगळे बसवायचे असते. विज्ञानाची ९० मिनिटे आणि आकृत्यांची ६० मिनिटे संपल्यावर ऐच्छिक सुट्टी असते आणि तिच्यानंतर हा विभाग येतो. तोवर डोळे आणि मन दोन्ही थकलेले असतात. घरी सकाळी ताज्या डोक्याने सोडवलेला एक सुटा उतारा म्हणूनच फसवा दिलासा देतो.

गुणांच्या दृष्टीनेही हा विभाग दुय्यम नाही. परीक्षेची जी शैक्षणिक सरासरी काढतात, तिच्यात जीवशास्त्र, सामान्य रसायनशास्त्र, सेंद्रिय रसायनशास्त्र, अंकगणिती तर्क आणि वाचन आकलन हे पाच घटक असतात. सेंद्रिय रसायनशास्त्रासाठी महिनोन्‌महिने घासणारा विद्यार्थी तेवढ्याच वजनाचा हा घटक शेवटच्या पंधरवड्यावर ढकलतो, आणि तिथेच त्याची सरासरी खाली येते. पूर्वी गुण १ ते ३० या पट्टीवर मिळत. मार्च २०२५ पासून ते २०० ते ६०० या पट्टीवर दिले जातात.

उतारे वैज्ञानिक विषयांवरचे असतात, पण विषयाचे पूर्वज्ञान अपेक्षित नसते. उत्तर उताऱ्यातूनच काढायचे असते. काही प्रश्न सरळ तपशील विचारतात, काही लेखकाचा रोख वा सूर विचारतात, तर काही अनुमान काढायला लावतात. दोन विधाने देऊन त्यांची सत्यता ठरवायला सांगणारा प्रकार विशेष जपून सोडवावा लागतो. समजा, पाण्यातल्या फ्लोराइडचा दातांवर होणारा परिणाम कसा कळला, यावर उतारा आहे. फ्रेडरिक मॅके हे दंतवैद्य १९०१ मध्ये कोलोरॅडो स्प्रिंग्जला आले आणि तिथल्या लोकांच्या दातांवरचे तपकिरी डाग पाहून चक्रावले. हे डागाळलेले दात सहसा किडत नाहीत, असेही पुढे ध्यानात आले. १९३१ मध्ये ॲल्युमिनियम कंपनीतले रसायनज्ञ एच. व्ही. चर्चिल यांना, असेच डाग दिसणाऱ्या आर्कान्सामधील बॉक्साइट गावच्या पाण्यात फ्लोराइडचे मोठे प्रमाण आढळले. १९४५ मध्ये मिशिगनमधील ग्रँड रॅपिड्स शहराने पाण्यात मोजके फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली.

आता प्रश्न येतो : ‘मॅके यांनी दातांवरील डागांचा अभ्यास केला. पाण्यातले फ्लोराइड रासायनिक पृथक्करणाने त्यांनीच शोधले.’ पहिले विधान बरोबर, दुसरे चूक. पण घाईने वाचणाऱ्याच्या मनात मॅके आणि फ्लोराइड ही जोडी पक्की झालेली असते, आणि तो दोन्ही विधाने खरी मानून मोकळा होतो. पुढचा प्रश्न असा असू शकतो : ग्रँड रॅपिड्सच्या प्रयोगामागे आधीचे कोणते निरीक्षण होते? याचे उत्तर डागाळलेले दात किडत नाहीत या वाक्यात आहे, मात्र तिथे ग्रँड रॅपिड्सचे नावही नाही.

तयारीच्या पद्धतींवरून विद्यार्थ्यांत कायम वाद असतो. एक पद्धत ‘सर्च अँड डिस्ट्रॉय’ म्हणून रूढ आहे : उतारा न वाचता थेट प्रश्न घ्यायचा, त्यातला ठळक शब्द उताऱ्यात हुडकायचा आणि उत्तर टिपायचे. नावे, सनावळ्या, आकडे यांच्या प्रश्नांना ती झटपट लागू पडते. वरच्या ग्रँड रॅपिड्सच्या प्रश्नाला नाही, कारण हुडकायला शब्दच नसतो. दुसऱ्या पद्धतीत संपूर्ण उतारा आधी वाचून मग प्रश्नांकडे वळतात. तिसरीत वाचता वाचता केंद्रावर मिळणाऱ्या नोंदफलकावर प्रत्येक परिच्छेदापुढे दोनतीन शब्द लिहितात : ‘डाग’, ‘कीड कमी’, ‘चर्चिल, पाणी’. अनुमानाच्या प्रश्नात ही तिसरी पद्धत सर्वांत भरवशाची ठरते, कारण कोणती गोष्ट कुठे आहे हे नजरेसमोर राहते. नोंदी मात्र लांबल्या की वेळ गिळतात. वाचनाचा वेग मुळातच कमी असलेल्याने पहिल्या पद्धतीच्या आहारी जाण्याआधी वेग वाढवणे बरे.

वेग वाढतो तो रोजच्या वाचनाने. जीवशास्त्र, भूगर्भशास्त्र, वैद्यकाचा इतिहास अशा विषयांवरचे लांब इंग्रजी लेख पडद्यावर वाचावेत. आवडीचे विषयच निवडले तर उपयोग कमी, कारण परीक्षेतला उतारा आवड पाहून येत नाही. लेख मिटून त्यातल्या युक्तिवादाचा क्रम मनाशी सांगून पाहावा. मग घड्याळ लावून एकेक उतारा आणि शेवटच्या टप्प्यात चारही विभागांची सलग मॉक टेस्ट द्यावी. चुकलेल्या प्रत्येक प्रश्नाचे वाक्य उताऱ्यात शोधून चूक का झाली ते लिहून ठेवणे कंटाळवाणे असते, पण सर्वाधिक सुधारणा त्यानेच होते. बरेचदा ‘काही’ऐवजी ‘सर्व’, ‘शक्यता’ऐवजी ‘निश्चित’ असा शब्द पर्यायात सरकवलेला आढळतो, किंवा प्रश्नातला ‘वगळता’ नजरेतून सुटलेला असतो. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नसल्याने एकही प्रश्न कोरा सोडू नये. अडलेल्यावर खूण करून पुढे जावे आणि त्याच विभागाची वेळ उरली तर परतावे.

भारतात बीडीएसचा प्रवेश नीटच्या गुणांवर होतो आणि नीटमध्ये भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व जीवशास्त्र एवढेच विषय असल्याने अशा उताऱ्यांशी इथल्या विद्यार्थ्याची गाठ पडत नाही. अमेरिकेत वाढलेल्या मराठी घरांतल्या मुलांना मात्र डॅट द्यावी लागते. महाराष्ट्रात बीडीएस करून तिकडे जाणाऱ्या डॉक्टरांची वाट वेगळी असते. परदेशी पदवीधरांसाठीच्या विशेष अभ्यासक्रमांना ते सहसा ‘कॅपिड’ या अर्जसेवेतून अर्ज करतात आणि तिथे २०२० पासून घेतली जाणारी ‘आयएनबीडीई’ ही दंतवैद्यकाच्या परवान्यासाठीची राष्ट्रीय परीक्षा आणि टोफेलसारखी इंग्रजीची चाचणी महत्त्वाची असते.