सेट्रिझिन घेऊनही खाज का थांबत नाही?

थंडी पडली की खानदेशात भरताच्या पार्ट्या सुरू होतात आणि आमच्या मेडिकलवर खाजेची गिऱ्हाइकं वाढतात. लोकांनी या दोन गोष्टींची सांगड केव्हाच घालून टाकली आहे. वांगं उष्ण, त्याने रक्त बिघडतं, म्हणून अंग खाजतं. थंडीत हवा कोरडी पडते, वर आपण कढत पाणी अंगावर घेतो आणि त्वचेतला उरलासुरला स्निग्धांशही धुऊन टाकतो, हे कुणी मोजत नाही. वांग्याची खरोखर ॲलर्जी असणारी माणसं असतात, नाही असं नाही. पण कोपराच्या लवणीत आणि गुडघ्यामागे वर्षानुवर्षं इसब घेऊन फिरणाऱ्यांतल्या बहुतेकांच्या बाबतीत बामणोदचं वांगं निर्दोष आहे.

अशी माणसं काउंटरवर ओळखू येतात. मनगटाजवळची कातडी जाड आणि काळपट झालेली, तिच्यावर रेघा उमटलेल्या. नखं मात्र घासून घासून चकचकीत. "भाऊ, खाजनी ट्यूब द्या, आनि सेट्रिझिन." गोळीने झोप लागते, खाज तशीच राहते. मग गोळी बोगस ठरते, किंवा रक्त फारच खराब असल्याचा निष्कर्ष निघतो.

गोळी बोगस नसते, ती चुकीच्या दारावर उभी असते. सेट्रिझिन अडवतं ते हिस्टामिनला, म्हणजे ॲलर्जीत शरीरातल्याच पेशी सोडतात त्या रसायनाला. पित्त उठून अंगावर गांधी येतात तेव्हा खाजेचं मुख्य कारण हिस्टामिनच असतं आणि तिथे ही गोळी चांगलं काम करते. जुनाट इसबाची, म्हणजे ॲटोपिक डर्माटायटिसची खाज बव्हंशी दुसऱ्या वाटेने येते.

अशी दुसरी वाट असते याचा एक पुरावा आपल्या सातपुड्यातच वेलीला लटकलेला असतो: खाजकुयली. तिच्या शेंगेवरची सोनेरी-तपकिरी लव अंगाला लागली की माणूस थयथयाट करतो. 1955 साली शेली आणि आर्थर या संशोधकांनी दाखवलं की ही खाज त्या लवेतल्या एका प्रथिनामुळे येते. हे प्रथिन दुसरी प्रथिनं कापणारं एन्झाइम आहे, त्याला त्यांनी म्युक्युनेन नाव दिलं. ते हिस्टामिनला हातही न लावता चेतातंतूंवरच्या वेगळ्या रिसेप्टरना, म्हणजे संदेश टिपणाऱ्या प्रथिनांना, चेतवतं, हे 2008 साली स्पष्ट झालं. खाजकुयली लागल्यावर सेट्रिझिनचा फारसा उपयोग होत नाही तो यामुळेच.

आता इसबाकडे. आपल्या प्रतिकारयंत्रणेतल्या पेशी एकमेकींशी बोलतात त्या सायटोकाइन नावाच्या छोट्या प्रथिनांमार्फत. गावात दवंडी पिटली की ती सगळ्यांच्या कानावर पडते, पण उठून कामाला लागतो तो ज्याच्यासाठी ती असते तोच. सायटोकाइनही आसपासच्या सगळ्या पेशींपर्यंत पोचतं, पण त्याचा रिसेप्टर असलेलीच पेशी हालचाल करते. इसबात ज्यांचा सुकाळ असतो ती सायटोकाइन म्हणजे इंटरल्यूकिन-4, इंटरल्यूकिन-13 आणि इंटरल्यूकिन-31. ती बनवणाऱ्यांत टी-पेशी या पांढऱ्या रक्तपेशींचा एक गट, टीएच-2, आघाडीवर असतो.

यातलं 31 नंबरचं प्रकरण मला सगळ्यात भारी वाटतं. 2004 मध्ये त्याचा शोध जाहीर झाला. ज्या उंदरांच्या शरीरात ते मुद्दाम जास्त तयार होईल अशी व्यवस्था केली होती, ते उंदीर खाजवत सुटले, त्यांचे केस गळाले, कातडी इसबासारखी झाली. याचा रिसेप्टर दोन तुकड्यांचा असतो: एक इंटरल्यूकिन-31 रिसेप्टर-ए, दुसरा ऑन्कोस्टॅटिन-एम रिसेप्टर. आणि हे दोन्ही तुकडे पाठीच्या कण्यालगत असलेल्या काही संवेदी चेतापेशींवरही सापडले. त्या पेशींचे तंतू थेट त्वचेपर्यंत गेलेले असतात. म्हणजे प्रतिकारयंत्रणेतली टी-पेशी मधल्या दलालाशिवाय नसेशी बोलते!

पुढे काय होतं ते जरा सावकाश वाचा. इंटरल्यूकिन-31 चिकटलं की रिसेप्टरचे दोन तुकडे एकत्र काम करू लागतात. त्यांच्या आतल्या टोकांना जॅक नावाची एन्झाइमं बसलेली असतात. ती जागी होऊन फॉस्फेटचे गट जोडायला लागतात. त्या फॉस्फेटवर स्टॅट नावाची प्रथिनं येऊन बसतात, त्यांनाही फॉस्फेट लागतो, त्यांच्या जोड्या जमतात आणि त्या केंद्रकात शिरून ठरावीक जनुकं चालू करतात. चेतापेशीत याच्या जोडीला कॅल्शियम आत घेणाऱ्या टीआरपीव्ही-1 आणि टीआरपीए-1 या वाहिन्याही कामाला येतात. पहिली वाहिनी तीच, जी मिरचीच्या ठेच्यातल्या कॅप्सेसिननेही उघडते. विद्युतसंदेश मज्जारज्जूकडे निघतो, तिथून मेंदूत, आणि हात आपोआप कोपराकडे जातो. प्रयोगशाळेत असंही दिसलं आहे की इंटरल्यूकिन-31 मुळे संवेदी तंतूंना नव्या फांद्या फुटतात, त्यासाठी स्टॅट-3 लागतं. म्हणजे खाजेची तारच लांबते.

इंटरल्यूकिन-4 चं काम जास्त कावेबाज आहे. ते स्वतः फारशी खाज उठवत नाही, पण चेतापेशीला इतकी हळवी करून ठेवतं की एरवी जाणवलंही नसतं अशा चिमूटभर हिस्टामिननेही ती पेटते. 2017 मध्ये हे दाखवलं गेलं, आणि यातही जॅक-1 हे एन्झाइमच मध्यस्थ निघालं. शर्टाची कॉलर किंवा घामाचा एक थेंब अशा माणसाला का सहन होत नाही, याचं एक उत्तर इथे असावं.

त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशीही गप्प बसत नाहीत. खाजवून त्या फाटल्या की टीएसएलपी आणि इंटरल्यूकिन-33 बाहेर सोडतात. ही दोन्ही सायटोकाइन टीएच-2 ला आणखी चिथावतात, आणि टीएसएलपी तर स्वतःही नसेला डिवचतं. म्हणून "खाजवू नको" हे घरच्यांचं सांगणं विज्ञानाला धरून आहे, फक्त अमलात आणणं अशक्य. काहींच्या त्वचेत जन्मतःच फिलॅग्रिन हे बांधणीचं प्रथिन कमी असतं. 2006 मध्ये त्याच्या जनुकातले दोष आणि इसब यांचा संबंध पक्का झाला. त्वचेची भिंतच फटीची असेल तर धूळ, साबण, जंतू सगळंच आत जाऊन टीएच-2 ला जागं करणार.

यात "बिघडलेलं रक्त" कुठेच नाही, हे लक्षात आलं असेल. रक्तशुद्धीचा काढा कशाची शुद्धी करतो हे मला आजवर कोणी सांगू शकलेलं नाही. त्याहून मजेशीर ते इम्युनिटी वाढवणारे डबे. कोरोनापासून त्यांचं पीक आलंय. इसबात प्रतिकारयंत्रणा दुबळी नसते, ती नको तिथे जागी असते. तिला आणखी चेव कशाला आणायचा?

दवंडी कळली म्हणून ती थांबवणारी औषधंही आली. इंटरल्यूकिन-4 आणि 13 या दोघांचा सामाईक रिसेप्टर अडवणारं ड्युपिलुमॅब 2017 मध्ये अमेरिकेत इसबासाठी मंजूर झालं. 31 चा रिसेप्टर अडवणारं नेमोलिझुमॅब 2022 मध्ये जपानने इसबाच्या खाजेसाठी मंजूर केलं, 2024 मध्ये अमेरिकेने इसबासाठी. गंमत म्हणजे इंटरल्यूकिन-31 पकडणारं इंजेक्शन त्याआधीच कुत्र्यांच्या खाजेसाठी बाजारात आलं होतं. ही इंजेक्शनं महाग आहेत आणि रोग मुळातून उपटत नाहीत. बंद केली की पुष्कळांची खाज परतते.

जॅक अडवणाऱ्या गोळ्या त्या मानाने हाताशी आहेत. त्यांतली टोफासिटिनिब मूळची संधिवाताची, भारतात ती अनेक कंपन्या बनवतात. खाज लवकर उतरते म्हणून तिचं नाव तोंडोतोंडी पसरू लागलंय. पण जॅक फक्त खाजेच्या कामाला नसतात, जंतूंशी लढतानाही तेच लागतात. ते अडवले की दबून बसलेला क्षय डोकं वर काढू शकतो, नागीण उठू शकते, रक्ताच्या गुठळ्यांचाही धोका सांगितलेला आहे. गोळी सुरू करण्याआधी क्षयाची तपासणी, रक्ततपासणी आणि त्वचारोगतज्ज्ञाची चिठ्ठी लागते. शेजाऱ्याला लागू पडली म्हणून रिकामं पाकीट दाखवून ती मागायला येतात, त्यांना आम्ही खोबरेल तेलाची नाहीतर साध्या पेट्रोलियम जेलीची बाटली देतो आणि धुळ्या-जळगावच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे पाठवतो.