ट्रॅव्हलरचे छर्रे का झिजतात आणि सगळे एकदम का बदलायचे

आधुनिक शिडाच्या बोटीवर मुख्य शिडाच्या तळाशी जो आडवा दांडा असतो तो बूम, आणि बूमला खाली ओढून धरणारा दोर म्हणजे मेनशीट. मोठ्या बोटींवर आणि शर्यतीच्या बऱ्याच बोटींवर हा दोर थेट बोटीला बांधत नाहीत. बोटीच्या रुंदीवर एक अ‍ॅल्युमिनियमची पट्टी बसवलेली असते, तिच्यावरून डावी-उजवीकडे धावणारी एक छोटी गाडी असते, आणि दोर त्या गाडीला अडकवलेला असतो. पट्टी म्हणजे ट्रॅक, गाडी म्हणजे कार आणि ही सगळी जोडणी म्हणजे ट्रॅव्हलर.

वाऱ्याचा जोरदार झोत आला आणि बोट कलंडू लागली, की वारा ज्या अंगाला वाहतोय त्या अंगाला कार सोडायची. शिडाचा आकार तसाच राहतो, फक्त कोन बदलतो आणि बोट सावरते. झोत ओसरला की कार पुन्हा वर ओढून घ्यायची. एवढं सगळं दोन-तीन सेकंदांत व्हायला हवं, आणि मध्यम आकाराच्या बोटीवरसुद्धा त्या वेळी कारवर शेकडो किलोंचा ताण असतो. अशा क्षणी कार अडखळली तर सुकाणू धरणाऱ्याच्या हातात फार थोडे उपाय उरतात. म्हणून ट्रॅव्हलरचे बेअरिंग ही बोटीवरची किरकोळ गोष्ट आहे असं मला कधीच वाटलं नाही.

कारच्या पोटात दोन्ही बाजूंना छर्ऱ्यांच्या रांगा असतात. भाराखाली ट्रॅकच्या खोबणीतून गडगडत गेलेला छर्रा टोकाला पोहोचला की वळण घेतो, कारच्या आतल्या दुसऱ्या वाटेने रिकामा मागे येतो आणि पुन्हा रांगेत लागतो. धातूवर धातू घासला तर भाराच्या दहा-वीस टक्के, कधी त्याहूनही जास्त जोर नुसता घर्षणात जातो. छर्ऱ्यांवर गडगडताना तो दोन-तीन टक्क्यांवर, चांगल्या स्थितीत त्याच्याही खाली येतो.

सायकलच्या चाकात असतात तसेच हे छर्रे, पण दोन मोठे फरक आहेत. हे पोलादाचे नसतात, आणि यांना ग्रीस चालत नाही. १९६०च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यात पीटर हार्केन यांनी बोटीच्या पुलींमध्ये प्लॅस्टिकचे छर्रे घालून पाहिले आणि पुढे ही पद्धत जगभर पसरली. वजन कमी आणि गंज नाही, हे फायदे उघड आहेत. पोलाद, अ‍ॅल्युमिनियम आणि खारं पाणी एकत्र आलं की अ‍ॅल्युमिनियम कुरतडलं जातं, तोही धोका टळतो. मला मात्र यातलं खरं शहाणपण मऊपणात दिसतं.

दोन गोलसर वस्तू एकमेकींवर दाबल्या तर स्पर्श किती जागेत होतो आणि तिथे दाब किती येतो, याचं गणित हाइनरिश हर्ट्‌झ यांनी १८८२च्या सुमारास मांडलं. रेडिओलहरींमुळे ज्यांचं नाव आपण ऐकतो तेच हे हर्ट्‌झ. त्या गणिताने पाहिलं तर त्याच भाराखाली, त्याच आकाराचा प्लॅस्टिकचा छर्रा पोलादी छर्ऱ्यापेक्षा सुमारे सहा-सातपट जास्त जागेवर टेकतो आणि ट्रॅकवर तितकाच कमी दाब देतो. पोलादी छर्रा अ‍ॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर खड्डे पाडेल, प्लॅस्टिकचा स्वतः दबेल. ट्रॅक महाग आणि बदलायला कटकटीचा, छर्रे त्या मानाने स्वस्त. झीज कुठे व्हावी हे आधीच ठरवलेलं आहे, आणि अगदी योग्य ठरवलेलं आहे.

छर्रे साधारण दोन प्रकारच्या प्लॅस्टिकचे मिळतात. पांढरा किंवा काळा असेल तर बहुधा डेलरिन, मातकट पिवळा-तपकिरी असेल तर टॉरलॉन. डेलरिनच्या लांबलचक रेणूसाखळ्यांचा काही भाग नेहमीच्या तापमानालाही थोडा हलता असतो. त्यामुळे दिवसेंदिवस एकाच जागी भार राहिला तर छर्रा हळूहळू चपटा होतो आणि भार काढल्यावरही पूर्ण गोल होत नाही. टॉरलॉनच्या साखळ्या सुमारे २७५ अंश सेल्सिअसपर्यंत घट्ट गोठलेल्या राहतात, म्हणून तो जास्त भार सोसतो, आणि म्हणूनच महागही असतो. छर्ऱ्यांना धावण्यापेक्षा ताणाखाली उभं राहणं जास्त बाधतं, हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. मुंबईत पावसाळ्यापुरत्या बोटी पाण्याबाहेर काढतात, तेव्हा मेनशीट ताणलेली राहिली तर तेच छर्रे तीन-चार महिने त्याच जागी दाबले जातात. त्याच्या जोडीला ऊन. उन्हाने पांढऱ्या डेलरिनचा पृष्ठभाग खडूसारखा भुरभुरीत होतो आणि नखाने खरवडला तर पूड निघते.

बदलायला घेताना आधी ट्रॅक आणि कार गोड्या पाण्याने भरपूर धुवायची. खाली जुनी चादर पसरायची, कारण कार ट्रॅकच्या टोकावरून निसटली की छर्रे चारी दिशांना पळतात. काही कारमध्ये ते तारेने आत धरलेले असतात, तिथे ही धास्ती नाही. बाकीच्यांसाठी लोडर मिळतो. लोडर म्हणजे ट्रॅकच्याच आडव्या छेदाच्या आकाराचा प्लॅस्टिकचा तुकडा. तो ट्रॅकच्या टोकाला लावून कार त्याच्यावर सरकवली की छर्रे जागच्या जागी राहतात. जुने छर्रे मोजून ठेवा आणि व्हर्नियरने दोन-तीन दिशांनी मापा. मूळ ६.३५ मिलिमीटरचा, म्हणजे पाव इंची छर्रा एका दिशेने ६.३४ आणि दुसरीकडून ६.२ भरला, तर तो चपटा झालाय. पाव इंचाच्या जागी ६ मिलिमीटरचा घालू नका. तो भार घेणार नाही, नुसता खुळखुळेल.

फुटलेले तेवढेच बदलून भागवण्याचा मोह होतो. तो टाळा. सपाट पृष्ठभागांमध्ये धरलेला पाव इंची डेलरिनचा छर्रा दहा किलोंच्या भाराला जेमतेम एक दशांश मिलिमीटर दबतो. म्हणजे जुने छर्रे तेवढे झिजलेले असतील, तर पहिले दहा किलो प्रत्येक नवा छर्रा एकटा उचलतो आणि जुन्यांच्या वाट्याला भार येतो तो त्यानंतर. अशाने नवे लवकर चपटे होतात आणि कार पुन्हा अडखळायला लागते. म्हणून दोन्ही बाजूंचे सगळे छर्रे एकाच वेळी, एकाच मापाचे घालायचे.

भरताना रांग ठासून भरायची नाही. जवळपास एका छर्ऱ्याएवढी मोकळी जागा हवी, नाहीतर शेजारचे छर्रे एकमेकांना घासून अडवतात. वाटेत चिकटून राहावेत म्हणून काहीजण व्हॅसलीन लावतात. लावलंत तर नंतर साबणाच्या पाण्याने पूर्ण धुऊन टाका, कारण रेती आणि मीठ त्यालाच धरतं आणि मग छर्रे गडगडण्याऐवजी घासतात.

शेवटी मोकळी कार ट्रॅकवर बोटाने ढकलून पाहा. सगळीकडे सारखी खरखर लागली तर आत अजून मीठ आहे, पुन्हा धुवा. नव्या छर्ऱ्यांवरही ती नेमक्या त्याच जागी अडखळत असेल, तर तिथे ट्रॅकची खोबण नखाने चाचपा. वरचा अ‍ॅनोडाइज्ड थर, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमवर मुद्दाम चढवलेला कडक संरक्षक थर, गेलेला असेल किंवा कड उठलेली असेल, तर दुरुस्ती ट्रॅकची करायला हवी.