जीएच आणि केएच: दोघांनाही 'हार्डनेस' म्हणतात, तिथेच घोळ होतो

मागच्या पावसाळ्यात देवगडहून मावसभावाचा फोन आला, "दादा, रोटालाची नवी पानां वाकडी येतत, काय करूचा?" त्याची दोन फुटी माशांची टाकी, साधारण ६० लिटर पाणी, बारीक दगडगोट्यांचा थर, मागे रोटाला आणि व्हॅलिस्नेरिया ही पाणझाडं, पुढे थोड्या चेरी श्रिंप, म्हणजे छोट्या लाल कोळंब्या. कुणीतरी त्याला सांगितलं की पाण्याचा हार्डनेस कमी असेल, खायचा सोडा टाक. त्याने दोन चमचे एकदम टाकला. मला फोन केला तो त्यानंतर तीन दिवसांनी, तोपर्यंत पाच श्रिंप गेल्या होत्या आणि पानं होती तशीच वाकडी.

सल्ला देणाऱ्याने हार्डनेस कमी आहे हे बरोबर ओळखलं होतं, चूक झाली ती कुठला हार्डनेस यात. प्लांटेड टाकीत, म्हणजे जिवंत झाडं लावलेल्या टाकीत, या एका शब्दाखाली दोन वेगळ्या गोष्टी येतात, जीएच आणि केएच. दोन्ही डिग्रीत मोजतात, दोघांची किट एकाच डब्यात मिळते, बऱ्याच विहिरींच्या पाण्यात दोन्ही एकत्रच कमीजास्त होतात, त्यामुळे माणसाला वाटतं एकाच गोष्टीची दोन नावं आहेत. माझंही पहिली दोन वर्षं तेच चाललं होतं आणि त्यात मी बरीच झाडं घालवली.

जीएच म्हणजे पाण्यात विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम, म्हणजे झाडाचं, गोगलगाईच्या शंखाचं, श्रिंपच्या कवचाचं खाणं. केएच म्हणजे पाण्यातले बायकार्बोनेट आणि कार्बोनेट, ते कुणाचं खास खाणं नाही (व्हॅलिस्नेरियासारखी काही झाडं सीओटू म्हणजे कार्बन डायऑक्साइड कमी पडला की बायकार्बोनेट वापरतात, ते वेगळं), त्यांचं काम म्हणजे पाण्यात आम्ल तयार झालं की ते पिऊन टाकायचं आणि पीएच, म्हणजे आम्ल वाढलं की खाली जाणारा आकडा, पडू द्यायचा नाही. केएच संपला की पीएचला धरून ठेवणारं कुणी उरत नाही.

स्वयंपाकघरातलं बघा म्हणजे चटकन डोक्यात बसेल. एखाद्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तो सगळा जीएचचा प्रताप, कॅल्शियम डाळीच्या पेशी घट्ट धरून ठेवतं. आणि त्यावर आई चिमूटभर सोडा घालते तो केएच. सोडा घातल्याने डाळ मऊ होते पण पाण्यात कॅल्शियम काही वाढत नाही, सोड्यात कॅल्शियम नसतंच, तो सोडियम बायकार्बोनेट आहे. माझ्या भावाच्या रोटालाला कॅल्शियम हवं होतं आणि तिला मिळालं बायकार्बोनेट.

मी त्याला म्हटलं आधी मोज. तो किट घेऊन ओट्यापाशी उभा राहिला आणि व्हिडिओ कॉल लावला. टाकीचं नाही, आधी विहिरीचं पाणी घ्यायला लावलं, म्हणजे सुरुवात कुठून होते ते कळतं. काचेच्या नळीत ५ मिली पाणी, केएचच्या बाटलीचा पहिला थेंब, खरं तर पाणी आधी निळं व्हायला पाहिजे आणि मग एका थेंबाला पिवळं, जितके थेंब तितक्या डिग्री. त्याचं पाणी निळं झालंच नाही, पहिल्याच थेंबाला नळी हलवेपर्यंत थेट पिवळं. म्हणजे केएच १ किंवा त्याहून कमी. जीएचच्या नळीत पाणी नारिंगी होतं आणि मग हिरवं, ते दुसऱ्या थेंबाला हिरवं झालं. मग टाकीचं पाणी, जीएच तेच २, केएच मात्र ६ च्या वर. जो आकडा वाढायला हवा होता तो जागच्या जागी आणि ज्याची गरज नव्हती तो सहापट. (इतक्या मऊ पाण्यात नीट आकडा हवा असेल तर ५ ऐवजी १० मिली पाणी घ्या, मग एक थेंब म्हणजे अर्धी डिग्री.)

त्याचा हिशोबही सरळ आहे. १०० लिटर पाण्याचा केएच १ डिग्रीने वाढवायला साधारण ३ ग्रॅम खायचा सोडा पुरतो. दोन सपाट चमचे म्हणजे १० ग्रॅमच्या आसपास, ते ६० लिटरमध्ये गेले म्हणजे साडेपाच डिग्री एका झटक्यात, आणि त्याबरोबर पीएचही उडी मारून वर. श्रिंपना हा धक्का सोसत नाही. मेलेल्यांपैकी दोघींच्या पाठीवर कवचाच्या सांध्यापाशी आडवी पांढरी रेघ फुटलेली त्याने दाखवली, ती मात्र बहुतेक वेळा कात नीट न सुटल्याची खूण असते, म्हणजे जीएच बरेच दिवस कमी पडत होता.

आता आपल्याकडे हे इतकं का होतं. कोकणात जांभ्याच्या सड्याखालच्या विहिरीचं पाणी मुळातच मऊ. जांभा म्हणजे लाखो वर्षांच्या पावसाने धुऊन धुऊन उरलेलं लोह आणि ॲल्युमिनियम, कॅल्शियमसारखे विरघळणारे क्षार त्यातून कधीच वाहून गेलेत, त्यामुळे त्यातून झिरपलेल्या पाण्यात ना जीएच ना केएच. वरून चार महिने पाऊस, विहीर काठोकाठ, म्हणजे उरलंसुरलं तेही पातळ. पागोळीचं पाणी धरून टाकीत घालणारे पण आहेत, ते तर जवळपास शून्य आणि शून्य. याच्या उलट खाडीकाठची विहीर एप्रिल-मेमध्ये मचूळ होते, तिथे टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेलं सगळं मिळून मोजणारा) मोठा आकडा दाखवतो आणि लोक म्हणतात पाणी हार्ड झालं. टीडीएसमध्ये मीठसुद्धा मोजलं जातं, तो आकडा जीएच किती आणि केएच किती हे सांगूच शकत नाही, तिथेही थेंबच मोजायला लागतात.

आणि आपल्याकडचा सगळ्यात मोठा मोह म्हणजे किनारा. शिंपले, कालवांची शिंपी, शिंपल्यांचा चुरा असलेली वाळू, दिसायला फार सुंदर. शिंपला म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, पूर्वी त्याच शिंपल्या भाजून घरबांधणीचा चुना करायचे. तो मऊ पाण्यात हळूहळू विरघळतो आणि जीएच, केएच दोन्ही एकदमच वर नेतो, बरोबरीने. म्हणून शिंपला हे या दोघांपैकी एकावरचं औषध नाही, तो दोन्हीवरचा आहे आणि त्याला थांबवता येत नाही, आत आहे तोवर विरघळत राहणार. किनाऱ्यावरची वाळू उचलूच नये, पण घरात आधीपासून पडलेली किंवा दुकानातून आणलेली कुठलीही वाळू किंवा दगड असेल तर कोरडा करून वर व्हिनेगरचे चार थेंब टाका, बारीक बुडबुडे फसफसले म्हणजे त्यात चुना आहे. जांभ्याच्या तुकड्यावर काही होत नाही, म्हणून जांभा धुऊन, घासून टाकीत बिनधास्त ठेवता येतो, त्याच्या भोकांत ॲन्युबियास आणि जावा फर्न फार छान धरतं.

दोघांची गल्लत सगळ्यात महाग पडते ती सीओटूच्या तक्त्यात. पीएच आणि केएच बघून पाण्यात सीओटू किती ते काढायचा तक्ता तुम्ही पाहिला असेल, त्यात केएच लागतो, जीएचचा काही संबंध नाही. रत्नागिरीत माझ्या ओळखीच्या एकाच्या टाकीत जीएच ६, केएच २, पीएच ६.८ होता. त्याने केएचच्या रकान्यात ६ धरला, उत्तर आलं २८ पीपीएमच्या आसपास, म्हणजे छान, आणखी वाढवायची गरज नाही. खरा केएच २ धरला की तेच उत्तर साडेनऊ येतं. सहा महिने तो जोरदार लाईटखाली एक तृतीयांश सीओटूवर टाकी चालवत होता आणि काळं केसाळ शेवाळ प्रत्येक पानाच्या कडेला, मग खत बदल, लाईट बदल, फिल्टर बदल. आणि टाकीत लाकूड असेल, पाणी चहासारखं झालं असेल तर तो तक्ता बरोबर केएच घालूनही फसवतो, कारण पीएच लाकडातल्या आम्लाने पण खाली येतो. त्यापेक्षा ड्रॉप चेकर लावा (टाकीत लावायची छोटी कुपी, आतल्या द्रावणाच्या रंगावरून सीओटू कळतो), फक्त त्यात टाकीचं पाणी भरू नका, केएच ४ चं तयार द्रावण भरा, ते हिरवं दिसलं की साधारण ३० पीपीएम.

केएचचा त्रास वेगळ्या वाटेने येतो, पानावर दिसत नाही. फिल्टरमधले जीवाणू अमोनियाचं नायट्रेट करतात त्यात आम्ल तयार होतं आणि ते रोज थोडा थोडा केएच खातं. मे महिन्यात विहिरीचं पाणी जरा जड असतं म्हणून आठवड्याच्या पाणीबदलात भरपाई होत राहते, जूनमध्ये पाऊस लागला की तेच बदललेलं पाणी रिकामं येतं, आणि जुलैच्या एखाद्या सकाळी मासे दबून बसलेले, पीएच ६ च्या खाली गेलेला. अशा वेळी घाबरून अर्धी टाकी बदलू नका. इतक्या कमी पीएचला जीवाणू मंदावलेले असतात, अमोनिया साठलेला असतो पण कमी विषारी रूपात, पीएच एकदम वर गेला की तोच अमोनिया विषारी होतो. दहा-पंधरा टक्के पाणी बदला, केएच रोज अर्धी ते एक डिग्री इतक्याच बेताने वाढवा, मोजून घेतलेला सोडा मगभर पाण्यात विरघळवून. इथे सोडा योग्य जागी आहे. साध्या वाळूच्या टाकीत ३-४ केएच असला की मी निवांत झोपतो.

पण ॲक्वा सॉइल, म्हणजे पाणझाडांसाठीची तयार माती, घातलं असेल तर हे करत बसू नका. ती माती केएच स्वतःच ओढून घेते, तुम्ही सोडा घालणार, ती खाणार आणि तिचा जोर उगाच लवकर संपणार. शिवाय रोटाला मॅक्रांड्रासारखी झाडं, जी मूळ आपल्या पश्चिम घाटातलीच, कमी केएचमध्येच लाल आणि टवटवीत राहतात. तिथे केएच ० ते १ आणि जीएच ४ ते ६ हे अगदी उत्तम पाणी आहे. एक आकडा शून्याला आणि दुसरा पाचावर ही गोष्ट 'हार्डनेस' एकच आहे असं धरून चाललात तर कधी पटणारच नाही.

याच्या बरोबर उलटं पाणी हवं असेल तर बोअरवेलला सॉफ्टनर बसवलेलं घर शोधा. सॉफ्टनर कॅल्शियम-मॅग्नेशियम काढून सोडियम सोडतो, केएचला हातच लावत नाही. साबणाला फेस भरपूर, जीएच शून्य, केएच होता तेवढाच. त्या पाण्यात झाडं लावू नका, सॉफ्टनरच्या आधीचा नळ घ्या.

जीएच कमी आहे हे पानं सांगतात. कॅल्शियम झाडाच्या आत एका पानातून दुसऱ्या पानात हलत नाही म्हणून त्याची ओढ नव्या शेंड्यावर दिसते, पानं बारकी, चुरगळलेली, टोकाला वळलेली. मॅग्नेशियम हलतं, म्हणून तिथे जुनी पानं शिरा हिरव्या ठेवून मधे पिवळी पडतात. वाढवायला दोन पुड्या लागतात, जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट आणि एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, तेच जे आपण नारळाला घालतो, फक्त टाकीसाठी शुद्ध घ्या. १०० लिटरला १ डिग्री वाढवायला जिप्सम ३ ग्रॅम, किंवा एप्सम साडेचार ग्रॅम. मी चारांपैकी तीन डिग्री जिप्समने आणि एक एप्समने वाढवतो. दोन्हींनी केएच जराही हलत नाही. जिप्सम पटकन विरघळत नाही, बादलीभर पाण्यात घालून अधूनमधून ढवळत राहायचं.

भावाला तेच करायला लावलं. रोज १२ लिटर पाणी बदल, विहिरीचं पाणी मऊच असल्याने केएच आपोआप उतरत गेला, पाच दिवसांनी ३ वर आला. त्या पाच दिवसांत टाकीचा जीएच २ वरून ६ वर न्यायला एकूण साडेपाच ग्रॅम जिप्सम आणि अडीच ग्रॅम एप्सम लागले, शिवाय प्रत्येक नव्या बादलीत तिच्यापुरतं वेगळं, नाहीतर पाणीबदलात घातलेलं परत बाहेर जातं. उरलेल्या श्रिंपपैकी त्यानंतर एकच गेली. तीन आठवड्यांनी त्याने फोटो पाठवला, रोटालाच्या खालच्या काड्यांवर तीच वाकडी पानं, ती कधी सरळ होत नाहीत, आणि वरची चार बोटं मात्र सपाट, रुंद, गुलाबी कडांची. ते शेंडे कापून पुन्हा लावायला सांगितले, खालचं सगळं उपटून टाकलं त्याने.