सिएनाच्या भिंतींवरचे लोह

इटलीतील तोस्काना प्रदेशातल्या सिएना शहराचा जुना भाग पाहताना भिंती, कौले आणि पायाखालची फरसबंदी या सगळ्यांचे रंग निरनिराळे असूनही एकाच कुळातले वाटतात. पिवळसर, नारिंगी, विटकरी आणि तपकिरी या छटांचे नाते खरोखरच जवळचे आहे, कारण त्या सर्वांमागे मुख्यतः एकच मूलद्रव्य आहे, ते म्हणजे लोह. त्याच्या अणूंभोवती ऑक्सिजनची मांडणी कशी आहे आणि ते किती तापले होते, यावर छटा ठरते.

सुरुवात विटेपासून करू. सुमारे ५३ ते २६ लाख वर्षांपूर्वी सिएनाच्या परिसरात समुद्र होता आणि त्याच्या तळाशी साचलेली चिकणमाती आज शहराच्या आग्नेयेकडील उघड्या टेकड्यांवर दिसते. ही माती तांबडी नसून निळसर राखाडी असते, कारण ऑक्सिजनच्या अभावी तिच्यातले लोह अपुऱ्या ऑक्सिडीकरणाच्या अवस्थेत राहिलेले असते. भट्टीत खेळती हवा मिळाली, की त्याच लोहाचे हेमॅटाइट हे तांबडे ऑक्साइड बनते आणि राखाडी माती विटकरी होऊन बाहेर येते. मातीत चुनखडीचा अंश जास्त असेल, तर लोहाचा काही भाग कॅल्शियमच्या सिलिकेटांमध्ये अडकून पडतो आणि वीट फिकट गुलाबी किंवा पिवळट होते. पियाझ्झा देल कांपो या मुख्य चौकातील १३४९ मध्ये पूर्ण झालेली विटांची फरसबंदी फिकट दगडाच्या पट्ट्यांनी नऊ भागांत विभागलेली आहे. तेव्हा शहराचा कारभार ‘नऊ जणांच्या’ मंडळाकडे होता, त्याची ही खूण मानली जाते. चौकाला लागून असलेल्या नगरप्रासादाचे बांधकाम १२९७ मध्ये सुरू झाले. त्याचा खालचा भाग दगडी, तर वरचा भाग विटांचा आहे.

गिलावा केलेल्या भिंतींचे रंगही मातीतूनच आले. सिएनाच्या दक्षिणेला अमियाता हा विझलेला ज्वालामुखी आहे आणि त्याच्या परिसरातून पिवळसर तपकिरी रंगमाती काढली जात असे. तिच्यातले मुख्य रंगद्रव्य म्हणजे गोएथाइट हे लोहखनिज, आणि थोड्या मँगेनीज ऑक्साइडमुळे तिला तपकिरी झाक येते. गोएथाइटमध्ये लोहाच्या अणूंभोवती ऑक्सिजनबरोबर हायड्रॉक्सिल गटही (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) असतात. ते जांभळा आणि निळा प्रकाश शोषते, म्हणून उरलेला प्रकाश आपल्याला पिवळा दिसतो. ही माती सुमारे ३०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवली, की हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या वाफेच्या रूपाने निघून जातात. १०० ग्रॅम शुद्ध गोएथाइटमधून सुमारे १० ग्रॅम वजन असे कमी होते. मागे उरलेल्या हेमॅटाइटमध्ये लोहाचे अणू एकमेकांच्या अधिक जवळ येतात, शोषण हिरव्या प्रकाशापर्यंत पसरते आणि माती तांबूस होते. रंगाऱ्याला एकाच मातीतून नुसत्या उष्णतेच्या जोरावर पिवळ्यापासून गडद तांबड्यापर्यंतच्या छटा मिळवता येत, ही मला या साऱ्या विषयातली सर्वांत देखणी गोष्ट वाटते. कोकणातल्या जांभ्याला रंग देणारी आणि वारली चित्रांआधी भिंतीला लावल्या जाणाऱ्या गेरूतली लोहखनिजेही हीच आहेत.

इतर रंग भिंतींवर तुलनेने कमी का, याचे उत्तर चुन्यात आहे. चुनकळी पाण्यात विरवून केलेला चुना तीव्र अल्कधर्मी असतो, आणि बहुतेक वनस्पतिजन्य रंग त्यात किंवा पुढे उन्हात टिकत नाहीत. लोहाच्या ऑक्साइडांवर या दोहोंचा परिणाम जवळजवळ होत नाही; शिवाय ती स्वस्तही होती. चुना सुकताना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन पुन्हा कॅल्शियम कार्बोनेट बनतो आणि रंगाचे कण त्याच्या स्फटिकांत पक्के धरले जातात.

एवढ्याने भिंतीचा रंग समजतो. पण गल्लीचा रंग समजायचा तर तिची रुंदी विचारात घ्यावी लागते. समजा, एखादी भिंत तिच्यावर पडलेल्या प्रकाशातला ६० टक्के तांबडा आणि २० टक्के निळा भाग परत पाठवते. पांढरा प्रकाश तिच्यावर एकदा आपटून डोळ्यांत आला, तर तांबड्याचे निळ्याशी प्रमाण ३:१ होते. तोच प्रकाश आधी समोरच्या तशाच भिंतीवर आपटून आला असेल, तर ३६ टक्के तांबडा आणि अवघा ४ टक्के निळा उरतो, म्हणजे प्रमाण ९:१ होते. आणखी एका परावर्तनानंतर ते २७:१ वर जाते. रुंद रस्त्यावर थेट ऊन आणि आकाशाचा निळसर प्रकाश इतका भरपूर असतो, की हा परिणाम लपून जातो. पण उंच घरांच्या अरुंद गल्लीत आकाशाची चिंचोळी पट्टीच उघडी असते आणि प्रकाशाचा मोठा वाटा भिंतींवरून भिंतींवर फिरलेला असतो. सावलीतली भिंतही तिथे ऊबदार दिसते ती यामुळे. एक घर पांढरे किंवा निळे रंगवले, तर समोरच्या घराचा रंगही बदलतो. म्हणून दर्शनी भिंतीचा रंग हा एकट्या घरमालकाचा प्रश्न मानणे मला पटत नाही.

मात्र ‘जुने म्हणजे पिवळे-तांबडेच’ हे गृहीतही तपासून घ्यावे लागते. उत्तर इटलीतल्या तुरिन शहरात ‘तुरिन पिवळा’ हा एकच रंग परंपरागत समजला जात असे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस वास्तुविशारद जोव्हान्नी ब्रिनो यांच्या अभ्यासातून पुढे आले, की १९व्या शतकाच्या पूर्वार्धात मुख्य रस्ते आणि चौकांसाठी अनेक रंगांची योजना आखलेली होती. त्या आधारे शहराचा नवा रंग-आराखडा तयार झाला.

छटा अचूक जुळवूनही काम बिघडू शकते. आजचे अनेक प्लास्टिक रंग भिंतीवर सलग पापुद्रा तयार करतात. भिंतीत चढलेली ओल बाहेर पडू शकत नाही आणि काही वर्षांत पापुद्रा फुगून सुटतो. चुन्याच्या रंगातून वाफ आरपार जाते. त्याचे पातळ थर प्रकाश वेगवेगळ्या खोलीवरून विखुरतात आणि पावसाने असमान झिजतात, त्यामुळे पृष्ठभाग कधीच एकसुरी दिसत नाही. हा रंग सुकल्यावर बराच उजळतो. म्हणून जुन्या गल्लीसाठी रंग निवडताना कागदी नमुन्यावर भिस्त न ठेवता, भिंतीवरच चौकोनी पट्टा लावून, तो पूर्ण वाळू देऊन, सकाळी आणि सायंकाळी समोरच्या भिंतीवरून आलेल्या प्रकाशात पाहावा.